मॅडमचा चमचा

कोऱ्या नमुन्यात सोडियम निघालं आणि मॅडमना वाटलं, चला, चोर सापडला.

सापळा त्यांनीच लावला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत निकेलचे कण पांढऱ्या पावडरीवर बसवून भट्टीत तापवत. चिमूटभर पोटॅशियमचा क्षार घातला की कण बारीक, सुटे राहत. नाही घातला तर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होत. तुलनेसाठी एक नमुना पोटॅशियमशिवाय, कोरा ठेवायचा. पण त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या एका मुलीच्या कोऱ्या नमुन्यातलेही कण सुटे! निकाल देखणा यावा म्हणून बया गुपचूप पोटॅशियम टाकत असणार, दुसरं काय?

तसा मॅडमचा विश्वास कुणावरच नव्हता. पावडरीच्या कपाटाची चावी त्यांच्या गळ्यात असे. सगळ्यांना पावडर त्या स्वतः मोजून देत, आपल्याच चमच्यानं. काम झालं की चमचा एप्रनला पुसायचा आणि खिशात टाकायचा. धुवायलासुद्धा तो कुणाच्या हाती देतील तर शपथ!

मुलीला पकडायला त्यांनी पोटॅशियमची बाटली रिकामी केली आणि तिच्यात सोडियमचा क्षार भरला. दिसायला तसाच पांढरा. आता कोऱ्या नमुन्यात सोडियम आलं, की मुलीनं बाटलीत हात घातला हे उघड. मग त्यांनी तिला नेहमीसारखी पावडर मोजून दिली आणि वाट पाहत बसल्या.

आज त्यांनी मुलीला समोर उभं केलं. सापळा कसा लावला ते चवीनं सांगितलं. उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही, आजवरचं सगळं काम बाद, असं बजावलं. मुलीचे डोळे भरून आले. आपण बाटलीला शिवलोही नाही, हे ती परोपरीनं सांगत राहिली. मॅडम ऐकतात कसल्या!

शेवटी मुलीनं डोळे पुसले.

"मॅडम, बाटलीत सोडियम कशानं भरलंत?"

मॅडमचा हात आपोआप खिशात गेला. चमच्याच्या मानेशी, खाचेत, पांढरा ओलसर थर बसला होता. सोडियम भरून झाल्यावर त्यांनी तो एप्रनला पुसला होता आणि त्यानंच मुलीची पावडर मोजली होती. त्याआधी इतकी वर्षं पोटॅशियमही त्यानंच काढलेलं, म्हणजे आधीच्या कोऱ्या नमुन्यात तेही असंच गेलेलं.

मॅडमना लाज वाटली, मनापासून वाटली. मग गळ्यातली चावी काढून त्यांनी मुलीच्या हातात ठेवली.

"आजपासून पावडर तू मोजून द्यायचीस. मलासुद्धा."