आडनाव नसलेली ताई

आत श्रिया हसली.

आसावरी थालीपिठाची ताटली घेऊन दारापाशीच थबकली. कित्येक दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. आणि आज पोरगी हसली ती कोणापाशी, तर टॅबवरच्या त्या बाईपाशी!

दाराची आतली कडी सुताराला बोलावून काढून टाकलेली होती, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं. आसावरीने ते कोपराने ढकललं. पंधरा वर्षांची तिची मुलगी पलंगावर पाय पसरून बसलेली, मांडीवर टॅब. आई दिसली आणि पाटी पुसावी तसं हसू पुसलं गेलं.

"कशाला हसलीस गं?"

"असंच."

"नंदाताई काय म्हणाली?"

"काय यार, आई. काही नाही म्हणाली."

ताटली टेबलावर ठेवून आसावरी स्वयंपाकघरात परतली. तव्यावरचं दुसरं थालीपीठ तोवर करपलं होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लागला होता पुढच्या महिन्यातला. त्याआधीचा अख्ख्या ठाण्यात कुठे मिळेना. तोवर मुलीने एकटं पडू नये म्हणून दवाखान्यानेच ही चॅटवरची ताई जोडून दिली होती. रोज दुपारी यायची. ना चेहरा दिसायचा ना आवाज ऐकू यायचा, नुसती अक्षरं. आडनाव विचारलं तर म्हणे सांगायची परवानगी नाही. गाव विचारलं, तेही नाही. एकदा जेवायला बोलाव म्हटलं तर श्रियाने कपाळावर हात मारला. सवत परवडली बाई, तिला निदान तोंड तरी असतं! आई इथे बँकेतून बिनपगारी रजा टाकून बसलीय, रोज आवडीचं करून घालतेय, टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरून आलीय, आणि लेक काळीज उघडं करणार त्या नंदाताईपुढे.

आत टिंग झालं. आसावरीने पिठाचा हात गाउनला पुसला, हॉलमध्ये गेली आणि टीव्हीमागचा राउटरचा प्लग उपटला.

रागाच्या भरात, नकळत वगैरे काही नाही. चांगलं कळत होतं तिला. बरंही वाटलं.

श्रिया बाहेर आली. "आई, नेट गेलं."

"गेलं असेल. सगळ्या बिल्डिंगचं गेलंय." आसावरीचा आवाज जरा जास्तच गोड झाला. "थांब ना इथे. माझ्याशी बोल. मी काय परकी आहे का?"

श्रिया ओट्याला टेकून उभी राहिली. खाली माजिवड्याच्या पुलावर गाड्यांची घरघर चालू होती. तिने परातीतलं पीठ बोटाने टोकरलं. मग वर न बघताच म्हणाली, "आई, मला परत तसं वाटतंय. सकाळपासून. संपवून टाकावं असं."

झालं! जे ऐकायला जीव टाकत होती ते समोर आलं आणि आसावरीची बोबडीच वळली. मग जीभ सुटली ती भलतीकडेच.

"असं अभद्र बोलू नये, श्रियू! काय कमी आहे तुला? मार्कांवरून आम्ही कधी एका शब्दाने बोललोय का? आजीच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला? मन रमव बरं कशात तरी. थालीपीठ खाल्लंस का?"

श्रियाने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. "हो. खरंच काही कमी नाही," असं अगदी शहाण्या मुलीसारखं म्हणाली आणि आत निघून गेली.

तो शहाणा आवाज आसावरीच्या ओळखीचा होता. मागे धावतपळत हॉस्पिटल गाठावं लागलं, त्या दिवशीही सकाळी पोरगी अशीच गोड बोलली होती. आसावरी हॉलकडे धावली. घाईत प्लग बोर्डात जाईना. गेला एकदाचा. राउटरचे दिवे एकेक करून लागायला लागले, मेले किती सावकाश! तेवढा धीर कुठला? ती तशीच आत गेली.

"येतंय नेट. बोल तिच्याशी. आत्ता मला सांगितलंस ना, ते सगळं सांग तिला."

श्रियाने मान वर केली. "तू बंद केलेलंस?"

"हो."

"का?"

"जळते मी तिच्यावर." आता लपवून काय करायचं होतं? "तुझ्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून मी दिवसभर तुझ्या मागेपुढे करते, आणि तू हसतेस तिच्याशी. मला नाही सहन होत."

श्रियाने मांडीवरचा टॅब बाजूला ठेवला.

"आई, ती रोज जाताना एकच विचारते. आईला सांगितलंस का?"

"मग?"

"मी रोज नाही म्हणते."

टॅब वाजला. नंदाताई परत आली होती. श्रियाने टॅब जवळ ओढला. "आज हो लिहिते," ती म्हणाली.

आसावरी दारातच खिळून राहिली. इतके दिवस त्या बाईचा नुसता राग येत होता, आज पहिल्यांदा तिची भीती वाटली.

"आणि आई काय म्हणाली, असं विचारलं तर?"

श्रियाने पाय आखडून घेतले आणि पलंगावर थोडी जागा केली.