बारा जोड्या

शिट्टी वाजली आणि पाण्यातून हात वर आले. अकरा जोड्यांनी एकमेकांचे हात धरले होते. बाराव्या ठिकाणी एकच हात वर होता.

"बटाट्या, तुझी जोडी कुठंय?" ताईंनी काठावरून विचारलं.

गुबगुबीत मुलाने मागे वळून पाहिलं. "आत्ता तर होती, ताई. माझ्याशी भांडत होती."

एरवी पोरं खदखदून हसली असती. आज कुणी हसलं नाही.

जोडीचा नियम सरांचा. चाळीस वर्षं ते शाळेच्या मुलांना पोहायला शिकवत होते. आपल्या जोडीदारावरची नजर ढळू द्यायची नाही, आणि शिट्टी वाजली की त्याचा हात धरून वर करायचा. ताई शाळेत लागून जेमतेम महिना झाला होता. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, म्हणून या नियमाचा त्यांना फार आधार वाटायचा.

हरवली होती ती वकीलबाई. कशालाही "पण का?" विचारणारी. उद्याच्या आंतरशालेय स्पर्धेत रिलेचं शेवटचं अंतर सरांनी तिच्यावर सोपवलं होतं.

तलावाचं पाणी गाळायचं यंत्र कालपासून बंद होतं. तळाचे काळे पट्टेही दिसत नव्हते. "आजचा सराव राहू द्या का?" असं ताईंनी सकाळी विचारलंही होतं. "स्पर्धा उद्यावर आलीये, बाई," एवढंच सर म्हणाले होते. जीवरक्षक जेवायला गेला होता. सर असताना माझं इथं काय काम, हे त्याचं रोजचं पालुपद.

सर खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"सगळे बाहेर या. भिंतीकडे तोंड करून बसा आणि दोनपासून पाढे म्हणा. मोठ्याने. मी थांबा म्हणेपर्यंत मागे वळून बघायचं नाही."

मग ताईंजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "नको ते हाती लागलं, तर पोरांच्या डोळ्यांपुढे नको. तुम्ही कपड्यांच्या खोल्या धुंडाळा. पाणी मी बघतो."

त्यांनी चष्मा काढून खुर्चीवर ठेवला आणि अंगातल्या सदऱ्यासकट उडी घेतली. महिनाभरात ताईंनी त्यांना भिजलेलं पाहिलं नव्हतं.

ताई धावल्या. मुलींच्या खोलीत नाही, मुलांच्या खोलीत नाही. न्हाणीघरात नुसता नळ ठिबकत होता. तिच्या आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात आपोआप जुळत होती, आणि ती जुळताहेत याचीच त्यांना भीती वाटत होती.

शेवटी राहिली ती सामानाची खोली. तरंगफळ्यांच्या ढिगामागे गुडघे पोटाशी घेऊन वकीलबाई बसली होती.

"अगं कार्टे! प्राण कंठाशी आणलेस माझे!" ताईंनी तिला ओढून घट्ट उराशी धरलं. "इथं काय करतेस?"

"मी हळू पोहले तर आम्ही चौघीही हरू," ती मुसमुसली. "मला नाही जायचं उद्या."

"नको जाऊस, राणी. कुठंच नको जाऊस."

नाक पुसून, पाणी पाजून, तिची समजूत घालून ताईंनी तिला बाहेर आणलं. मुलं सतराच्या पाढ्यावर अडखळली होती. बटाट्या उठून धावला. "माझ्यावर आळ आणलास! आता कोण वकील घेऊ मी?"

पोरं हसली, ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी शिट्टी वाजवली. बारा जोड्या. पुन्हा मोजल्या. बाराच. चोवीस लेकरं, एकही कमी नाही.

"सर! सापडली हो, सापडली!" पदराने डोळे पुसत त्या तलावाकडे वळल्या. "या आता वर!"

खुर्चीवर सरांचा चष्मा तसाच होता. गढूळ पाण्यावर छताच्या दिव्यांच्या लांब रेषा, कुठेही न मोडता, सरळ पडल्या होत्या.