बिजागरी कोणाची?

साहेबांच्या टेबलावरचा कागद तिने आधी उलटा वाचला, मग फिरवून सरळ वाचला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागदावर वर लिहिलं होतं, 'काम कोणाचं'. खाली दुर्बिणीचे एकेक भाग आणि समोर नावं. बिजागरीसमोर तिचंच नाव टाइप केलेलं होतं, पण त्यावरून निळ्या शाईची जाड रेघ ओढलेली. शेजारी साहेबांच्या वळणदार अक्षरात खुद्द साहेबांचं नाव!

आठ वर्षं घातली होती तिने. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथे पृथ्वीवरच्या रेडिओंचा कलकलाट पोहोचत नाही, तिथे ही दुर्बीण आकाश ऐकत बसणार होती. दुर्बिणीचे एकशेवीस लांबलचक बाहू छत्र्यांसारखे मिटून यानात भरले होते. प्रत्येक बाहूला एक बिजागरी, तळहाताएवढी. बिजागरीचं चित्र तिने काढलं, तिनेच ती घडवली. अख्खी कार्यशाळा तिला 'बिजागरीबाई' म्हणायची. आणि यान सुखरूप उतरून आठवडा होतोय न होतोय, तोच हा प्रकार!

फलकावर सत्कार समारंभाची नोटीस लागलेलीच होती. तिच्या खाली दुसरी: संपर्काच्या अडचणीमुळे बाहू उघडल्याची बातमी सोमवारी देण्यात येईल. म्हणजे सोमवारी बातमी येणार आणि हार साहेबांच्या गळ्यात पडणार. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचंय ना! जाता जाता डल्ला मारायचा दुसऱ्याच्या कामावर.

एवढ्यात साहेबच आत आले. तिच्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला आणि खणात टाकला.

"माझं नाव तुम्ही खोडलंत?" तिने विचारलं.

"खोडलं." साहेब खिडकीकडे बघत होते. "तू यात पडू नकोस. चार दिवस रजा घे. कुणी काही विचारलंच, तर म्हण, साहेबांनी सांगितलं तसं केलं."

"वा! म्हणजे डोकं तुमचं आणि मी नुसती हमाल?"

"तसं समज."

तसं समज! एवढी वर्षं ज्या माणसाला गुरू मानलं, त्याच्या तोंडून हे ऐकायचं? ती दार आपटून बाहेर पडली.

घरी नवऱ्याने तिची बडबड ऐकून घेतली. "अगं, पण आजवर त्यांनी तुझं कधी काही लाटलंय का? नीट विचार तरी त्यांना."

"विचारलं की! तोंड वर करून हो म्हणाले."

"मग उद्या जाऊन त्यांची गचांडी धर. नाहीतरी तुला अडवायची माझी काय बिशाद!"

"गचांडी नाही, प्रकल्पाच्या समितीपुढे जाते," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही.

सकाळी ती मोठ्या इमारतीत गेली. समितीच्या खोलीबाहेर ताटकळावं लागेल असं तिला वाटलं होतं, पण बिजागरीसाठी आलेय म्हटल्यावर तिला लगेच आत घेतलं. लांब टेबलामागे अध्यक्षबाई आणि दोघं सभासद बसले होते. तिघांपुढे त्याच कागदाच्या प्रती होत्या.

"बिजागरी माझी आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "साहेबांनी माझं नाव खोडलंय. हा सरळ सरळ अन्याय आहे."

अध्यक्षबाईंनी सभासदांकडे पाहिलं. "बसा. साहेब तर म्हणतात, सगळे निर्णय त्यांचे."

"धादांत खोटं! एकही निर्णय त्यांचा नाही."

"एका बिजागरीला एकच स्प्रिंग, हे कोणी ठरवलं?"

"मी. साहेब दोन लावा म्हणून मागे लागले होते. मी एकीवर भागवलं आणि केवढं वजन वाचवलं!"

"आणि थंडीतली तिसरी चाचणी?"

"तीही मीच रद्द करवली. दोनदा पास झालेल्याला तिसऱ्यांदा कशाला बसवायचं? साहेब नको नको म्हणत होते. पंधरा दिवस भांडले मी त्यांच्याशी."

एक सभासद भराभरा लिहून घेत होता. तिला बरं वाटलं. कुणीतरी ऐकून घेणारं भेटलं एकदाचं.

"हे लेखी द्याल?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "घाई नाही. हवं तर उद्या या, घरी बोलून."

"उद्या कशाला? आत्ता देते."

तिने सगळं मुद्देसूद लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. अध्यक्षबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी आपल्यापुढच्या यादीत साहेबांचं नाव खोडून तिचं नाव पुन्हा लिहिलं.

"झालं समाधान?"

"झालं. आता साहेबांना काय ते कळवा तुम्हीच."

"कळवतो." अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकशेवीसपैकी एकही बिजागरी उघडलेली नाही, बाई. आणि साहेब चार दिवस याच खुर्चीत बसून एकच सांगत होते, सगळी चूक माझी आहे, पोरीला यात ओढू नका."