दुभाष्याने गाळलेलं

अपडेट झाल्याची पाटी पडद्यावरून केव्हाच गेली होती आणि लेकीने, मुंगीने, खेळ सुरूही केला होता. बाबाला हे आत्ता कळलं. आता खेळातला तो राक्षस दिसणार.

घरातला कॉम्प्युटर मोफत, खुल्या सिस्टीमवर चालायचा. विकतची सिस्टीम घरात येऊ द्यायची नाही, हा बाबाचा जुना बाणा. पण खेळ बनतात ते त्या विकतच्या सिस्टीमसाठी, त्यामुळे मध्ये एक सॉफ्टवेअर घालावं लागे. खेळ आपल्या भाषेत बोलायचा आणि ते सॉफ्टवेअर या कॉम्प्युटरला कळेल असं करून सांगायचं. बाबा त्याला दुभाष्या म्हणायचा. दुभाष्या गुणी होता, पण मधूनच एखादी गोष्ट गिळून टाकायचा. कुठे माणसांना सावल्याच नाहीत, कुठे पाणी काळंठिक्कर. मुंगीच्या आवडत्या खेळात त्याने नेमका राक्षस गिळला होता.

खेळ एका ओसाड हॉटेलातला होता. टॉर्च घेऊन एकेक मजला उतरायचा आणि मागावर असलेल्या उंच, बिनचेहऱ्याच्या माणसाला चुकवून बाहेर पडायचं. या घरात तो माणूस कधी उगवलाच नाही. पावलं वाजायची, दारं आपोआप लागायची, कानाशी कोणीतरी श्वास घ्यायचं, पण पाहावं तर कॉरिडॉर रिकामा. मुंगी कधी कधी एखाद्या कोपऱ्यात बराच वेळ थांबून राही. दमली असेल, असं बाबाला वाटे. राक्षस दिसत नाही म्हणून जगभरचे लोक इंटरनेटवर बोंब मारत होते. एकटा बाबा खूश होता. दुभाष्याच्या नव्या, राक्षस दाखवणाऱ्या आवृत्त्या आल्या, पण बाबाने जुन्याला हात लावू दिला नाही.

त्याला कारण होतं. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, अंधारात एकटी अडकल्यापासून मुंगीने धसका घेतला होता. दिव्याशिवाय झोपायची नाही, पलीकडच्या खोलीतून साधी वही आणायची तर कोणीतरी सोबत लागे. या खेळाने ती हळूहळू सावरली. बाबाने त्यावरून मनाशी एक गोष्ट पक्की केली. पोरीला जे दिसत नाही, त्याला ती घाबरत नाही.

म्हणूनच आई मावशीकडे राहायला गेली होती. निदान मुंगीला तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे आई हॉस्पिटलात होती. छातीत गाठ निघाली होती आणि उद्या ऑपरेशन होतं. मावशी तिच्या उशाशी बसून फोन करायची. फोन वाजला की बाबा बाथरूममध्ये शिरायचा, दार लावायचा, नळ सोडायचा आणि त्या आवाजाआड बोलायचा. बाहेर यायचा तो तोंड धुऊनच. मुंगी काही विचारायची नाही, आणि दर वेळी बाबाचा जीव भांड्यात पडायचा.

आज सकाळी मावशी म्हणाली होती, "डॉक्टर म्हणतायत, उघडल्यावरच काय ते कळेल." बाबा बाथरूममधून येऊन कॉम्प्युटरपुढे नुसता बसून राहिला. पडद्यावर काहीतरी विचारणारी चौकट आली. त्याने न वाचताच 'हो' दाबलं, आणि नवा दुभाष्या आत आला.

"मुंगे, बास झालं आता," तो म्हणाला. "डोळे दुखतील."

"हा एकच मजला, बाबा."

भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्याने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. एक खटका दाबला की कॉम्प्युटर बंद. पोरगी चिडेल, रुसेल, चालेल. पुन्हा ती दिव्याची रात्र नको. आत्ता तर नकोच, आता तिला जवळ घेऊन झोपायला आईही घरात नव्हती.

खटका दाबायच्या आतच तो आला. छताला डोकं लागू नये म्हणून वाकून, लांब हात लोंबते ठेवून, कॉरिडॉरच्या वळणावरून. चेहऱ्याच्या जागी नुसती कातडी. बाबाच एक पाऊल मागे सरला.

मुंगीची पाठ ताठ झाली. माऊसवरचा हात थांबला. मग तिने टॉर्च वर धरली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. तिचे खांदे हळूच खाली आले.

"असा आहे होय हा," ती म्हणाली.

"घाबरू नकोस." बाबा घाईने म्हणाला. "मी जुनं परत घालतो. मग नाही दिसणार."

"नको. दिसत नव्हता तेव्हाच जास्त भीती वाटायची."

"अगं, पण तेव्हा तो नव्हताच ना."

"होता की. पावलं वाजायची, दारं लागायची. मी कोपऱ्यात थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचे."

एवढे दिवस पोरगी त्या हॉटेलात एकटीच भीत होती, आणि तो मागे बसून तिचं कौतुक करत होता.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मावशीचा होता. सवयीने बाबाचे पाय बाथरूमकडे वळले.

मुंगीने खेळ थांबवला. राक्षस होता तिथेच उभा राहिला. तिने मान वळवली नाही.

"नळ सोडू नकोस, बाबा," ती म्हणाली. "आईचं काय ते इथेच बोल."