प्रेमलताबाईंची बाभूळ

रजतची गाडी आंगणात शिरली तेव्हा प्रेमलताबाई ओंडक्यात पाचर ठोकत होत्या. वर गेलेला घण मुलगा आला म्हणून थांबला नाही. ओंडका कडकन दुभंगला आणि त्यातला अर्धा घरंगळत गाडीच्या चाकाशी गेला.

"आई, काय करून राहिली तू हे?"

"दिसत नाही काय? लाकूड फोडून राहिली. गाडी मागं घे."

रजतनं गाडी मागं घेतली.

नागपुरात सदर भागात त्याचं गॅस शेगड्या आणि गिझरचं दुकान होतं. पारशिवनीजवळच्या या घरात त्यानं आईला चार बर्नरची शेगडी, जादा सिलिंडर आणि गिझर असं सगळं बसवून दिलं होतं. त्याच घरासमोर आता टिनाच्या शेडखाली छातीइतकी उंच लाकडं रचलेली होती. शेतातली बाभूळ वादळात पडली, ती प्रेमलताबाईंनी करवतीनं कापली, एकटीनं. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळ्या घरी आणल्या, एकटीनं. मजूर लावला नाही. बैलगाडी देऊ करणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवलं.

घरात गॅस असताना बासष्ट वर्षांची बाई एवढं जळण कशाला जमवते, यावर गावानं विचार केला आणि एकच उत्तर काढलं. ते तोंडानं कोणी उच्चारलं नाही. नागपूरला फोन करून मात्र कळवलं.

उत्तर पटण्यासारखं होतं. सहा वर्षांपूर्वी प्रेमलताबाईंचे यजमान वामनराव गेले, तेव्हा रजत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि त्यानं आणलेली लाकडं ओली निघाली. सरण पेटता पेटेना. प्रेमलताबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. लोकांच्या मते त्या आता बोलत होत्या.

रजतनं सोबत बायको रीना आणि चुलते धोंडबाजी यांना आणलं होतं. शेजारचे महादेवराव खाटेवर पेपर वाचत बसलेले होतेच. मौद्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यापासून ते रोज इथंच पेपर वाचत. आपल्या घरात उजेड कमी येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आई, हाताले किती फोड आले तुमच्या!" रीना म्हणाली.

"फोड माझ्या हाताले आले. तुह्या डोळ्यात काहून पाणी येऊन राहिलं?"

धोंडबाजी खाटेकडे वळले. "महादेवराव, तुम्ही तरी समजवा न वैनीले."

"माझं कुठं ऐकते बाई?" पेपरामागून आवाज आला. "परवा म्हटलं, दोन ओंडके मी फोडतो. तर म्हणे, तुमचा हात लागला तर गाव बोलन."

"बरोबरच आहे. पोरगा असताना शेजाऱ्यानं काहून फोडावं?"

रजत जमिनीकडे पाहू लागला.

धोंडबाजींनी रचलेल्यातलं एक लाकूड उचललं. मनगटाएवढं होतं. "वैनी, इतकं बारीक काहून फोडलं वं? त्याले तर जाड लागते."

"कशाले?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

धोंडबाजींनी लाकूड जागच्या जागी ठेवून दिलं.

"आई," रजत म्हणाला, "एक डाव चुकलं माझं. आता नाही चुकणार. तू हे फोडणं सोड. तू म्हणशील तसंच होईल सगळं."

"कशाचं?"

"त्या... दिवसाचं."

प्रेमलताबाईंनी घण खाली ठेवला. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. खाटेवरचा पेपर किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला.

"माझ्या मनासारखं?"

"तुझ्या मनासारखं."

"काकासमोर बोलून राहिला तू. मंग पलटशील."

"दुकानाची शप्पथ."

रजतनं आजवर देवाची शपथ पुष्कळदा घेतली होती, दुकानाची कधीच नाही. प्रेमलताबाई ओंडक्यावर टेकल्या.

"अख्ख्या गावाले जेवण. वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. चुलीवरचं. तुह्या शेगड्या आणायच्या नाहीत."

"नाही आणत."

"रीना, तुह्या माहेरचे आले पाहिजेत."

"सगळे येतील, आई." रीनानं ओढणी डोळ्यांना लावली.

"कोणी रडायचं नाही. तोंड पाडून तर यायचंच नाही."

"नाही रडत," असं म्हणून रजत रडला.

"आन लोकं बोलतील. आपलेच जास्त बोलतील."

"बोलू दे न! माझ्या आईची इच्छा आहे म्हणून सांगीन. कोणाची काय हिंमत?"

"मीबी सांगीन," धोंडबाजींनी छातीवर हात ठेवला. "कोणी वाकडं बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

"मंग झालं तर." प्रेमलताबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

रजतनं डोळे पुसले. एवढ्या जड विषयावर एवढ्या लवकर तोडगा निघेल, असं त्याला येताना वाटलं नव्हतं. "पण आई, घाई काय आहे? अजून वीस वर्षं तरी..."

"वीस वर्षं कोण थांबते? रविवारी या."

"कोणत्या?"

"येत्या."

धोंडबाजी मटकन खाली बसले. रीनानं शेडचा खांब धरला.

प्रेमलताबाई खाटेकडे वळल्या.

"उठा आता, महादेवराव. शनिवारी हळद आहे. नवरदेवानं असं नवरीच्या आंगणात बसून राहणं बरं दिसत नाही."