नागवेलीची गाठ

नागवेलीचा प्रत्येक नवा फुटवा काका पांढऱ्या दोऱ्याने काठीला बांधत. शिंपीच शेवटी, दोरा हातातून सुटेल कसा! गाठ मात्र बोटभर सैल ठेवत. "वाढणाऱ्याला जागा हवी गं," असं काकूंना सांगत.

काका जाऊन वर्ष झालं. वेल हातभर वर गेली आणि नव्या शेंड्यालाही पांढरा दोरा दिसला. गाठ बोटभर सैल.

"सूनबाई, तू बांधलास?"

"छे हो आई, मला कुठली जमतेय ती गाठ!"

काकूंनी नेहमीसारखं गाठीत बोट घालून पाहिलं; सहज शिरलं. दुपारी वेलीच्या कुंडीशेजारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा त्यांचं मनगट पांढऱ्या दोऱ्याने वेलीच्या काठीला बांधलेलं होतं.

सवयीने त्यांनी गाठीत बोट घालून पाहिलं.

बोट शिरेना.