न झालेले प्रवास

गावच्या सभागृहात वेगवान गाडीच्या मार्गावर जनसुनावणी चालली होती. पंखा, उत्तर ठाऊक असूनही न सांगणाऱ्यासारखा, वर घरघरत होता.

"माझं म्हणणं एवढंच," अध्यक्ष म्हणाले, "राजधानीला जायला आज नऊ तास लागतात. वेगवान गाडीने दीड लागेल, मान्य. पण म्हणून माणसं सहापट प्रवास करतील, हे कशावरून? आकडा पटला नाही, तर फाईल आजच बंद."

अभियंत्याने या मार्गावर आयुष्याची बारा वर्षे अंथरली होती. त्याच्या तक्त्यात एक रकाना त्याला कवितेसारखा प्रिय होता: 'न झालेले प्रवास'. अंतराने गिळलेल्या भेटी. हुकलेल्या नोकऱ्या. वेळेत न गाठलेली रुग्णालये. तो उठला.

"माझंच घ्या. माझी आई याच गावात राहते. मी राजधानीत. नऊ तासांपायी वर्षातून एकदा येणं होतं. दीड तास असता, तर महिन्यातून दोनदा आलो असतो. अंतर माणसाला निष्ठुर करतं, महोदय."

दोघा-तिघांनी डोळे पुसले. मागच्या रांगेतून त्याची आई उभी राहिली. निवृत्त गणितशिक्षिका, अर्ध्या सभागृहाने तिच्या हातची छडी खाल्लेली.

"कधी आलास रे?"

"परवा, आई."

"उतरलास कुठे?"

"विश्रामगृहात. कामाची घाई होती गं..."

"म्हणजे माझ्या दारासमोर. रस्ता ओलांडायला किती तास लागतात? काल सकाळी गच्चीत दात घासत होतास. मी हात केला, तर ब्रश तोंडात धरून आत पळालास."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनी पेन उचलले.

"मग बाई, तुमचा विरोध लिहू?"

"विरोध कशाला? पाठिंबा लिहा. गाडी व्हायलाच हवी. नऊ तास बसायला कंबर साथ देत नाही, म्हणून अडलंय माझं. दीड तासात पोचवणार असाल, तर मीच जाईन याच्याकडे. दर शनिवारी. मुक्कामाला."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. इतका रोखठोक आकडा दिवसभरात कोणी दिला नव्हता.

"वर्षाला बावन्न फेऱ्या! साहेब, घरचाच दाखला आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, फाईल पुढे सरकवतो. धरू ना नक्की?"

अभियंत्याने तक्त्याची सुरळी केली, चष्मा खिशात घातला आणि खुर्च्यांमधून वाट काढत, कोणाकडेही न पाहता, तो दाराबाहेर निघून गेला.